एकोणिसाव्या दिवसाचे पाणी

त्या तेरा अंड्यांना हात लावणारा मी होतो. हे मी आजपर्यंत कोणालाही सांगितले नाही; आईला नाही, थोरल्या भावाला नाही, जिच्याबरोबर वीस-बावीस वर्षे संसार केला त्या बायकोलाही नाही. तेरा अंड्यांचे ते काय एवढे, असे कोणी म्हणेल. पण माझ्या वहिनीने घरात राहायचे की नाही, हे त्या अंड्यांवर ठरायचे होते.

आमचे घर ठाण्याच्या खाडीकाठी. भाऊ मीठ वाहणाऱ्या गलबतावर, मचव्यावर, मुंबईला जाऊन येऊन असे, महिन्यातले चार दिवस घरी. मी मिठागरात राबत होतो. चार अक्षरे येत होती म्हणून पुढे कल्याणला कारकुनी मिळाली, पण ते नंतर. तेव्हा मी बाविशीत होतो आणि माझी बायको लहान म्हणून अजून माहेरीच होती. वडील आधीच वारले होते; घरात आई, वहिनी आणि मी.

वहिनीच्या लग्नाला सहा वर्षे होऊन मूल नव्हते. आईने शीळ गावात भावासाठी दुसरी मुलगी हेरून ठेवली होती. भाऊ हो म्हणत नव्हता, नाही म्हणत नव्हता. आईने बोलावे आणि त्याने विडी शिलगावून अंगणात जावे, असे चालले होते.

फाल्गुनात वहिनीची काळी कोंबडी खुडूक झाली. अंडी घालायचे थांबवून कोंबडी एका जागी बसून राहते, जवळ गेले की पिसे फुलवून गुरगुरते, तिला आमच्याकडे खुडूक म्हणतात. हाच शब्द बायका आडून वहिनीलाही वापरत. शेजारची म्हातारी त्या दिवशी कुडावरून वाकून म्हणाली, "काय गो, एक खुडूक घरान, एक खुराड्यान. कनची आधी उठल?"

वहिनी कणी पाखडत होती. तिने सूप थांबवलेसुद्धा नाही. "खुडूक बसल्याबिगर पिल्लां निंगतान काय, काकी? तुमचे कोंबडीला इचारा."

म्हातारी हसली. आई हसली नाही.

कोंबडीखाली अंडी मांडणे म्हणजे रवण घालणे. ते काम लेकुरवाळ्या बाईच्या हातचे, अशी आमच्याकडची समजूत. दरवेळी आईच घाली. त्या संध्याकाळी तिने अंड्यांची टोपली वहिनीपुढे सरकवली आणि बोलली माझ्याशी.

"या खेपेला हीच घालंल. देवाचा कौल समज. पिल्लां निंगली तं मी शिळेचा नाव काढनार नाय. नाय निंगली तं तू जायाचास आनि सोयरीक पक्की करून यायाचास."

"मीच का?"

"मंग कोन, तुजा बापूस? तो हाय कुठं?"

वहिनीने तेरा अंडी निवडली. एकेक दिव्यापुढे धरून पाहिले. प्रत्येकावर कोळशाने रेघ ओढली, म्हणजे दुसऱ्या कोंबड्यांनी मधेच येऊन ताजे अंडे घातले तर ओळखू यावे. भाताच्या पेंढ्यावर मांडलेले एकेक अंडे ती पुन्हा उचलून नीट ठेवत होती. मी पाहिले आणि दुसरीकडे बघितले.

त्यानंतर घरात दिवस मोजणे सुरू झाले. एकवीस दिवस. आई तुळशीपाशी रोज एक खडा ठेवी. वहिनी मुंगसाच्या धाकाने खुराड्याच्या तोंडाशीच निजू लागली. ती जेवायला बसली तरी तिचे कान परसाकडे असत. नवव्या दिवशी घार छपरावर बसली तेव्हा ती हातातली भाकरी टाकून धावली होती.

मला ते बघवेना. आणि खरे सांगायचे तर मला शिळेला जायचे नव्हते. माझ्या तोंडून ती सोयरीक व्हावी हे मला नको होते. म्हणून आधी कळून घ्यावे असे मनाने घेतले. आमच्यात एक पारख आहे. दिवस भरत आले की अंडी कोमट पाण्यात सोडतात. आत जीव असेल ते अंडे पाण्यावर डोलते, नसेल ते उगीच तरंगते. शेजारची म्हातारी हे करी. मी दुरून पाहिले होते.

एकोणिसाव्या दिवशी आई बाजारात गेली होती आणि वहिनी विहिरीवर. कोंबडी रोजच्यासारखी चार दाणे टिपायला बाहेर आली. मी चुलाण्यावरच्या हंड्यातले पाणी परातीत ओतले, तळहात घालून पाहिले, कोमट वाटले. एकेक करून अंडी सोडली.

ती डोलली. दोन सोडून सगळी डोलली, गरागरा फिरली. मला इतका आनंद झाला की मी परातीवर ओणवा होऊन बघतच राहिलो. मग त्यांचे फिरणे कमी झाले. मग थांबले. दमली असतील, असे मला वाटले. मी ती धोतराने पुसली, होती तशी मांडली, परात उपडी केली. कोंबडी येऊन बसली.

वहिनी विहिरीवरून आली. पाय धुवायला म्हणून तिने हंड्यात तांब्या बुडवला आणि हात झटकन मागे घेतला.

"भावजी, ह्या काय पानी तापवलांत? बोटा पोळली माजी."

"पोळली?" मी म्हणालो. "मला तर कोमट लागले."

"तुमचे हात? ते मिठानं चामडी झालेत. इस्तव धराल तरी कलायचा नाय." आणि ती हसली.

म्हातारी पाणी कोपराने बघत असे. मला ते त्या क्षणी आठवले. माझ्या मिठाने मेलेल्या तळहाताला कोमट लागलेले पाणी अंड्यांतल्या जिवांना पोळणारे होते.

तेव्हाच सांगायला हवे होते. दुसरी अंडी आणून मांडता आली असती, आईला समजावता आले असते, निदान दोष वहिनीवर आला नसता. मी मिठागरावर जातो म्हणालो आणि गेलो.

विसावा दिवस गेला. एकविसावा गेला. बाविसाव्या दिवशी वहिनी अंडे कानाशी धरून बसली होती, आतून टोचल्याचा आवाज येतो का ते ऐकत. तिने मलाही बोलावले. "तुमी आयका बरं. मना आयकू येतंय असा वाटते." मी कानाला लावले. काही नव्हते. मी म्हणालो, "येत असेल."

तेविसाव्या दिवशी आईने दगडावर एक अंडे फोडले. आत पिल्लू पुरे झालेले होते, ओली पिसे, मिटलेली चोच. तिने दुसरे फोडले. तसेच.

"भरल्या अंड्याला हिचा हात बाधला," आई म्हणाली. आवाज चढवला नाही.

वहिनी उरलेली अंडी हातात फिरवून बघत होती. "यांच्यावरच्या रेघा कुठं गेल्या?"

"कोंबडीचे पोटानं पुसल्या असतील," आई म्हणाली.

"तेराच्या तेरा?" तिने माझ्याकडे पाहिले. "भावजी, तुमी हात लावलावं काय अंड्यांना? लावला असंल तं सांगा. मी रागावनार नाय."

आई माझ्याकडे बघत होती.

मी म्हणालो, "नाही."

 वहिनीने अंडी टोपलीत भरली आणि परसात खड्डा खणायला घेतला.

चार दिवसांनी मी शिळेला गेलो. सोयरीक मीच बोललो, चांगली बोललो. वैशाखात भावाचे लग्न झाले आणि वहिनीचे भाऊ तिला न्यायला आले, कल्याणच्या पलीकडे. काळी कोंबडी तिने बगलेत घेतली. दुसऱ्या बाईला पुढे चार मुले झाली, तेव्हा आईचे खरे ठरले असे गाव म्हणाले आणि मला गप्प राहायला आणखी एक कारण मिळाले. आई गेली ती हेच खरे मानून.

वहिनी अजून आहे. भावांच्या घरी कोंबड्या पाळते आणि कल्याणच्या बाजारात अंडी घेऊन येते. दोनदा दिसली. पहिल्यांदा मी वाट बदलली. दुसऱ्यांदा तिनेच हाक मारली, मुलांची चौकशी केली, आईच्या शेवटच्या दुखण्याचे विचारले. मी सगळे सांगितले, तेवढे सोडून.

तिने मला एक प्रश्न विचारला होता आणि मी खोटे उत्तर दिले. खरे उत्तर मी तिला देणे लागतो, तेही माझ्या भावासमोर आणि तिच्या भावांसमोर. ते मी अजून दिलेले नाही.