मशीनला समजावणारा

नोएडात मी ज्या मराठी मुलाच्या घरी काम करते, तो कॉम्प्युटरमधल्या एआय मशीनसाठी सूचना लिहितो. कुठलं टूल फाइल नुसती वाचतं, कुठलं कायमची पुसतं, हे त्याला समजावतो. "नीट वर्णन केलं नाही तर मशीन भलतंच करून बसतं, मावशी," म्हणतो. एकेक ओळ दहादा खोडतो. मला मात्र कानातले हेडफोन न काढताच सांगतो, "ते तिकडचं जरा बघा."

परवा म्हणाला, "रद्दी देऊन टाका." गठ्ठे दोन होते. कुठला ते विचारायला हाका मारल्या, त्याला ऐकूच गेल्या नाहीत. मी दोन्ही कबाडीवाल्याला दिले. एकात त्याच्या गेलेल्या आईची पत्रं होती.

तो रडायलाच लागला. नवरा गेला त्या दिवशीही मी आधी पोरांना जेवू घातलं होतं. म्हटलं, "रडायचं नंतर, बाबा. चल."

कबाडीवाल्यानं विचारलं, "कैसा बंडल था?"

मुलाला काही सांगता येईना.

मी म्हटलं, "लाल नाडी, एक कोना चूहे का खाया हुआ."

लगेच सापडला.