मी झोपले नव्हते

"या मावशीला ओळखता ना सगळे? समाधी घेतलीय यांनी. ड्युटीवर."

फ्लोअर मॅनेजरने मोबाइल उंच धरला. मानकोलीच्या आमच्या गोदामात शिफ्ट सुरू होण्याआधी सगळ्यांना रांगेत उभं करतात आणि दिवसाचं काम सांगतात. त्या रांगेसमोर माझा फोटो. दोन रॅकच्या मधे, उलट्या क्रेटवर बसलेली, हात मांडीवर, डोळे मिटलेले. छताच्या कॅमेऱ्यातून काढलेला.

चाळीस माणसं हसली. काही मनापासून, काही त्याच्याकडे बघून.

"या ना पुढे. आम्हालाही शिकवा."

वाटलं, चेष्टा करून सोडून देईल. गेले.

"बसा."

फरशीवर बसले. शेहेचाळीस वर्षांची, दोन मुलींची आई, सहा वर्षं पॅकिंगची लाइन सांभाळणारी.

"डोळे मिटा."

मिटले. तेवढ्यात त्याने फोर्कलिफ्टवाल्या अख्तरला बोटाने खूण केली. हे मला नंतर समजलं. तेव्हा फक्त हॉर्न समजला, अगदी कानाशी. मी हातापायांवर रांगत बाजूला गेले. एक चप्पल तिथेच राहिली.

"बघा, उठल्या मावशी!"

आता सगळेच हसले.

मी झोपले नव्हते. काय करत होते, ते क्रमाने सांगते.

आदल्या दिवाळीच्या हंगामात सात नंबरच्या गल्लीत रॅक खचला. शाम्पूची खोकी माझ्यापासून दोन हातांवर कोसळली. मला ओरखडाही नाही. त्या दिवसाचं काम मी संपवून घरी गेले. रॅकचा वाकलेला पाय त्यांनी हातोड्याने सरळ केला, वर पिवळा रंग मारला आणि परत माल चढवला.

आठवड्याने माझं सुरू झालं. फोर्कलिफ्ट मागे येताना टीं-टीं वाजते. ती वाजली की छातीत धडधड, हाताला मुंग्या, तोंडाला कोरड. मग घरी कुकरची शिट्टी झाली तरी तेच. कार्डिओग्राम काढला, चांगला निघाला. सासूबाई म्हणाल्या, "बाहेरचं हाय ते. वज्रेश्वरीला जा, कुंडात न्हाऊन ये." गेले. न्हाले. दोन दिवस बरं वाटलं.

शेवटी सरकारी दवाखान्यात समुपदेशक बाई भेटल्या. त्या म्हणाल्या, रोज दहा मिनिटं बसा. श्वास येतो, जातो, तिकडे लक्ष ठेवा. मन पळेल. पळालं की परत आणा, रागावू नका. मला प्रत्येक गोष्टीची यादी करायची सवय. पहिल्या आठवड्याचा तक्ता करून नेला : सोमवारी मन तेवीस वेळा पळालं, मंगळवारी एकतीस. बाई खूप हसल्या. "अहो, हा माल नाही. मोजू नका."

न मोजता बसायला मला महिना लागला. घरी जागा नाही, म्हणून चहाच्या सुट्टीत बसायचे. अकराला, दहा मिनिटं. चहा सोडून. तिसऱ्या महिन्यात टीं-टीं वाजली आणि माझे हात खोक्याला चिकटपट्टी लावतच राहिले. तो दिवस मी वहीत लिहून ठेवला.

आणि तेच मॅनेजरने चाळीस माणसांसमोर फरशीवर मांडलं.

दुपारी अख्तर आला. "दीदी, माफ करना. नौकरी का सवाल था." माझ्या लाइनवरची खारबावची सुनंदा म्हणाली, "तू पन ना! संडासात जाऊन बसायचं व्हतं. तिथं क्यामेरा न्हाय."

मी तेही केलं. खरंच. दोन दिवस संडासात दार लावून श्वास बघितला. तिसऱ्या दिवशी बसणंच सोडलं. धडधड परत आली. मला त्या मॅनेजरचा राग येत नव्हता. लाज माझी मलाच वाटत होती. घाबरणारी बाई, असं मीच स्वतःला म्हणत होते.

पंधरा दिवसांनी निरोप आला : पॅकिंगची अर्धी जागा रिकामी करा, ऑफिस स्टाफचा कार्यक्रम आहे. आम्ही बायकांनी टेबलं सरकवली, फरशी पुसली, जांभळ्या चटया अंथरल्या. भिंतीवर फलक लागला, त्यावर डोळे मिटलेली एक हसरी मुलगी. मुंबईहून प्रशिक्षक आला. आम्हाला सांगितलं, मागे उभ्या राहा, आवाज करू नका. आणि फोर्कलिफ्ट बंद ठेवली. तासभर. साहेबांना त्रास नको म्हणून.

प्रशिक्षक म्हणाला, "श्वासाकडे लक्ष द्या. मन पळालं तर हळूच परत आणा."

माझेच शब्द. दवाखान्यातले, केसपेपरवरचे.

पहिल्या चटईवर आमचा मॅनेजर. मांडीवर हात, डोळे मिटलेले. थोड्या वेळाने त्याची मान छातीवर पडली. बारीक घोरणं ऐकू आलं. सुनंदाने मला कोपर मारलं, "हा बघ, लागली समाधी." कोणी फोटो काढला नाही. कोणी हॉर्न वाजवला नाही.

मी मागे उभी. हातात ओलं फडकं. त्या क्षणी लाज गेली. माझ्यात काही कमी नव्हतं. दोन हातांवर मरण पडलं तर कोणीही घाबरेल. तो बसला तर त्याची तब्येत. मी बसले तर कामचोरी. आणि माझी सुट्टी तर माझीच होती.

दुसऱ्या दिवशी त्याने केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर छापील पत्र. 'ड्युटीवर झोपलेली आढळले. चूक मान्य आहे.' अशी तीन पत्रं झाली की ठेकेदार गेटपास काढून घेतो.

"मावशी, सही करा. फॉर्मॅलिटी आहे."

"मी झोपले नव्हते."

"ते आपण मागे बोललो ना? सही करा, विषय संपवू."

"बोललात तुम्ही. मी आज बोलतेय. चहाच्या सुट्टीत बसले होते. वेळ कॅमेऱ्यात आहे, काढा."

"किसने सिखाया ये सब? युनियनमध्ये गेलात काय?"

मी पेन घेतलं. छापील ओळीवर काट मारली. खाली लिहिलं : 'सुट्टीत श्वासाचा व्यायाम करत होते. सात नंबरच्या गल्लीत रॅक पडल्यापासून मला भीतीचा त्रास आहे. रॅकचा वाकलेला पाय अजून बदललेला नाही.' मग सही केली. अक्षर वेडंवाकडं आलं. वाचता येत होतं.

"श्वास माझा मी सांभाळते, साहेब. रॅक तुम्ही सांभाळा."

त्या दिवशी अकराला मी रॅकच्या आडोशाला गेले नाही. फ्लोअरच्या मधोमध क्रेट ठेवून बसले. दहा मिनिटांनी डोळे उघडले तर शेजारी सुनंदा. डोळे मिटलेले, तोंड चालू. "मला काय दिसत न्हाय ग. पन बरं वाटतं बसून."

पुढच्या आठवड्यात मला पॅकिंगवरून काढून लोडिंगला टाकलं. चाळीस किलोची पोती, गाड्या भरायचा उन्हातला धक्का. त्याला वाटलं असेल, ही आपणहून जाईल. गेले नाही. पत्राची प्रत मी कामगारांच्या सरकारी ऑफिसात दिली. पोच घेतली. उत्तर अजून नाही. दर सोमवारी विचारायला जाते.

आता कंपनीने आम्हा बायकांसाठीही चटया आणायचं ठरवलंय. पंधरा मिनिटं, मोफत, म्हणजे आम्ही शांत राहू. मी बसेन. पण त्यांना हवी तसली शांत मी होणार नाही. सात नंबरच्या गल्लीत मी पाय ठेवणार नाही, सुनंदालाही ठेवू देणार नाही, रॅकचा तो पाय नवा बसेपर्यंत. गेटपास काढून घेतला तर गेटबाहेर उभी राहून प्रत्येक शिफ्टला सांगेन. आवाज कापेल. कापू दे. कापऱ्या आवाजातही सगळे शब्द नीट ऐकू जातात.