रविवारच्या वर्गाच्या बाई

कर्वेनगरच्या एका कॉलेजात दर रविवारी मुक्त विद्यापीठाचे वर्ग भरतात. तिथे मी इतिहास शिकवतो, आणि तिथलं अभ्यासकेंद्र आमच्या बाई चालवतात. उशिरा येणाऱ्याला त्या आधी पाणी देतात, मग विचारतात, "पुढच्या रविवारच्या तासाला आलात वाटतं आपण?" तो ओशाळून हसला, की स्वतःच त्याला बाक दाखवतात.

दूर डोंगरातल्या वेल्ह्याहून एक तरुण आई तान्ह्या बाळाला घेऊन यायची. तास संपेपर्यंत बाळ बाईंच्या मांडीवर असे. तिची ओढाताण बघून बाईंनी वेल्ह्यातच केंद्र काढायचं मनावर घेतलं. तिथल्या शाळेतल्या शिक्षकांना आमच्या वर्गात बसवलं, घर आणि नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना कसं शिकवायचं ते दाखवलं.

मी म्हणालो, "अहो, आपल्याकडे वेल्ह्याचे आणि मुळशीचेच विद्यार्थी जास्त. वेल्ह्याचे गेले तर आपलं केंद्र बंद पडेल."

"पडू दे. रविवारी घरी झोपेन," त्या म्हणाल्या. पण आवाज बारीक झाला होता. त्यांचे कितीतरी रविवार इथेच गेले होते.

वेल्ह्याचं केंद्र मंजूर झालं. ती तरुण आई निरोप घ्यायला आली तेव्हा बाई म्हणाल्या, "आता इथे दिसलात तर वर्गात घेणार नाही." मग आम्ही दोघं तिला बसथांब्यावर सोडायला गेलो. बस दिसेनाशी झाली तरी बाई तशाच उभ्या होत्या. त्यांनी पदराने चष्मा पुसला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "मुळशीत तुमच्या ओळखीचे कोणी शिक्षक आहेत का हो?"