मुठीतला कागद

आमच्या फंगताईंची ओळख करून द्यायची तर बोटांपासून सुरुवात करावी लागेल. उजव्या हाताची तर्जनी टोकाशी बाहेर वळलेली आहे, तेवीस वर्षं रेशमी फीत ओढून ओढून. आणि दहाही बोटं कायम काळी. कोपऱ्यावरची भाजीवाली त्यांना विचारते, "काय हो, कोळसा विकता की काय?" त्यावर त्या "नाही, अक्षरं" एवढंच म्हणतात आणि कोबी उलटासुलटा करून बघत राहतात.

चीनमधल्या आमच्या लोंगच्वानमध्ये दगड भिरकावला तर तो तलवार घडवणाऱ्याला लागतो, नाहीतर हिरव्या झिलईची भांडी भाजणाऱ्याला. फंगताईंचा नवरा भट्टीवर, आणि त्या आमच्या कारखान्यात. आम्ही मुख्यतः जपानी धाटणीच्या तलवारी करतो, त्याही परदेशातून मागणी येईल तशा. पातं ठोकणारे, पाणी देणारे, घासणारे सगळे पुरुष. मुठी बांधणाऱ्या एकट्या फंगताई. मी युन. मी गिऱ्हाइकांची पत्रं वाचते, उत्तरं लिहिते आणि खोकी बांधून पाठवते. मला इंग्रजी येतं म्हणून कारखान्यात माझा थोडा रुबाब आहे. फंगताईंपुढे तो चालत नाही.

मूठ म्हणजे लाकूड, त्यावर पाकट माशाची खरबरीत कातडी, आणि त्यावर फितीचे एकावर एक तिरपे वेढे. फीत जिथं जिथं वळते तिथं तिच्याखाली कागदाच्या चौकोनाला घड्या घालून केलेली छोटी तिकोनी पाचर बसवावी लागते. ती नसेल तर वेढे सैल पडतात आणि ऐन वेळी मूठ हातात फिरते. एका मुठीला अठ्ठेचाळीस पाचरी. त्यासाठी हातकागद लागतो, मऊ पण चिवट, आणि असा कागद आमच्याकडे शाळेत फुकट मिळतो. मुलं कुंचल्यानं अक्षरं गिरवतात आणि फंगताई दर शनिवारी त्या रद्दीचा गठ्ठा घेऊन येतात. पाचर ओली करून बसवायची, शाळेतली शाई बाटलीतली, पाणी लागलं की सुटते. म्हणून बोटं काळी.

त्यांची आणखी एक खोड होती. कागदाचे चौकोन कापतानाच प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक आकडा घालायचा. का, तर हातकागद सगळीकडे सारख्या जाडीचा नसतो, शेजारचे दोन तुकडे मुठीच्या दोन बाजूंना समोरासमोर आले तरच मूठ हातात समतोल बसते. हे त्यांना नवऱ्याच्या आत्यानं शिकवलं. ती म्हातारी दोन वर्षं रोज यांचं बांधलेलं बघायची आणि म्हणायची, "सोड. पुन्हा बांध." कौतुकाचा शब्द मरेपर्यंत काढला नाही.

आमचे मालक शन या आकड्यांवर फार हसायचे. "फंगताई, आत कोण बघायला जाणार आहे? एका मुठीला तीन मुठी होतील तेवढा वेळ घालवता!"

"तुमची गंजीसुद्धा कुणी बघत नाही, मालक. म्हणून फाटकी घालता का?" फंगताई मान वर न करता म्हणायच्या. मालक घालत होते, हे सगळ्यांना माहीत होतं.

तर गेल्या वर्षी फिनलंडमधून एस्को नावाच्या माणसाची मागणी आली. वय अडुसष्ट, जहाजावर वीजतंत्री होता, आता निवृत्त, आणि तीस वर्षं जपानी तलवारीची विद्या शिकत आणि शिकवत आलेला. माझ्या नाकी नऊ आणले त्यानं. पात्याची लांबी, बाक, वजन, तोल कुठं हवा, फितीचा निळा किती गडद हवा. एकसष्ट पत्रं! मुलीला स्थळ बघतानासुद्धा माणूस इतकं विचारत नाही. शेवटचं पत्र मात्र वेगळं होतं. त्याचे जपानी गुरू वारून तीन वर्षं होत आली होती. बोलायचे फारच कमी. याच्याशी तर ते वीस वर्षं एकच शब्द बोलले, "पुन्हा". आणि शेवटच्या भेटीत त्यांनी तोच शब्द, जो त्यांच्या आणि आमच्याही लिपीत एकच अक्षर आहे, कुंचल्यानं एका कागदावर लिहून याच्या हातात ठेवला. ते अक्षर एस्कोला पात्यावर कोरून हवं होतं. पण दर्शनी भागावर नाही, मुठीच्या आत जाणाऱ्या शेपटावर, जिथं कुणालाच दिसणार नाही.

मी हे वाचून दाखवलं तेव्हा फंगताई पहिल्यांदा एखाद्या गिऱ्हाइकाबद्दल बोलल्या. "शहाणा आहे. आतलं काम कळतं त्याला."

अक्षर हुबेहूब उतरावं म्हणून त्यानं मूळ कागदच पाठवला. सोबत चिठ्ठी, कागद तलवारीबरोबर परत यायलाच हवा. गुरूंच्या तिसऱ्या पुण्यतिथीला तो तालमीच्या भिंतीवर लावायचा होता आणि त्यासमोर नवी तलवार पहिल्यांदा उपसायची होती.

आमच्याकडे कोरीव काम ज्यांगकाका करतात. सत्तरी उलटली आहे. प्रत्येक जपानी तलवार हातात घेतली की "जपान्यांशी लढलेल्या माझ्या आजोबांनी बघितलं असतं तर याच तलवारीनं माझे कान कापले असते" असं म्हणतात आणि मग जीव ओतून कोरतात. त्यांनी शनिवारी काम संपवलं आणि कागद माझ्यासाठी म्हणून फंगताईंच्या मेजावर ठेवला. मी तो तेव्हाच न्यायला हवा होता. पण मी त्या दिवशी केस कापायला म्हणून तासभर आधी सटकले होते. हे मी मालकांना आजतागायत सांगितलेलं नाही.

मंगळवारी मी खोकं बांधायला घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कुरिअरची गाडी येणार होती. तलवार तयार, मूठ त्याच सकाळी बांधून झालेली, देखणी, कुठं सुरकुती नाही. फक्त कागद नव्हता. ज्यांगकाका म्हणाले ठेवला, मी म्हणाले मिळाला नाही. आम्ही कपाटं उपसली, पेट्या उलट्या केल्या, लोहाराच्या भट्टीजवळची राखसुद्धा बघितली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

फंगताई जेवणाआधी हात धुवायला नळावर गेल्या होत्या. मी शेजारीच उभी होते. त्या हात धूत होत्या आणि पाणी स्वच्छ वाहत होतं. त्यांनी हात वर धरले. बोटं गोरीपान. मी तरी ती तशी कधी बघितली नव्हती.

"युन," त्या म्हणाल्या, "आज माझे हात काळे झाले नाहीत."

"मग बरंच की."

"अगं, बरं काय? सकाळच्या कागदाची शाई सुटलीच नाही. शाळेतल्या पोरांकडे अशी शाई कुठून येणार?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एक मोठं अक्षर, हातकागद, कुंचल्याचं लिखाण. रद्दीच्या गठ्ठ्यात ते शंभरांतलं एक दिसलं असणार. जुन्या पद्धतीनं उगाळलेली काजळीची शाई एकदा वाळली की पाण्याला दाद देत नाही. एस्कोच्या गुरूंचे चौपन्न चौकोन झाले होते. त्यांतले अठ्ठेचाळीस त्याच्याच तलवारीच्या मुठीत होते आणि सहा टोपलीत.

फंगताई तिथंच नळाच्या कठड्यावर बसल्या. डब्यात बांबूच्या सुक्या कोंबांची भाजी होती, त्यांनी तो उघडलाही नाही. "मेलेल्या माणसाचं अक्षर कापलं गं मी," एवढंच दोनदा म्हणाल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं.

मालकांनी ऐकलं आणि लगेच तोडगा काढला. "प्रवासात हरवला म्हणून कळव. टपाल काय, बदनाम आहेच."

ज्यांगकाका घसा खाकरून म्हणाले, "माझ्याकडे कोरण्यासाठी घेतलेला त्या अक्षराचा ठसा आहे. जुना कागदही आहे. मी असं लिहून देतो की त्याचा गुरू वरून उतरून आला तरी म्हणेल, हे माझंच."

मी खरं सांगते, मला तो उपाय फार आवडला. मी ज्यांगकाकांना कागद ठेवून लिहायला पाटी शोधायलासुद्धा लागले होते.

"युन, बस खाली," फंगताई म्हणाल्या. "त्याला पत्र लिही. फंग नावाच्या बाईनं चुकून कागद कापला. तुकडे कुठं आहेत ते तिला माहीत आहे. ती मूठ सोडून काढणार आहे. जमेल की नाही, ती सांगू शकत नाही."

"सोडणार?" मालक ओरडले. "सकाळी गाडी येतेय! आणि तुकडे काढून करणार काय, त्याची भाजी? अठ्ठेचाळीस तुकडे, सगळे सारखे! कुठला कुठं जातो हे कोण सांगणार?"

फंगताईंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. "आकडे आहेत ना त्यांच्यावर," त्या म्हणाल्या.

मालकांनी बाहेर जाऊन कुरिअरवाल्याला फोन लावला आणि गाडी दोन दिवसांनी बोलावली.

मी पत्र लिहिलं, जसं सांगितलं तसं. केसांबद्दल तेवढं वगळलं. तिकडे सकाळच होती. फंगताईंनी मूठ पुढ्यात घेतली, गाठीखाली कात्रीचं टोक घातलं आणि तेवढ्यात एस्कोचं उत्तर आलं. मी मोठ्यानं वाचलं. "बाईंना सांगा, सोडताना कागद फाटेल अशी भीती असेल तर तो आत तसाच राहू द्या. निदान कुठं आहे हे मला ठाऊक राहील."

"झालं तर!" मालकांचा जीव भांड्यात पडला. "माणूस देव आहे. फंगताई, ठेवा ती कात्री."

मलाही वाटलं, सुटलो. फंगताईंनी डोळे पुसले, खोटं कशाला बोलू, चांगले पुसले. मग म्हणाल्या, "भला माणूस आहे. पण त्याला तो भिंतीवर लावायचा आहे. मूठ काय भिंतीवर लावेल?" आणि गाठ कापली.

दुपारभर त्या एकेक वेढा सोडत होत्या आणि पाकटाच्या कातडीवरून पाचरी वाफेवर धरून सोडवत होत्या. मी आकडे वाचून पाटीवर लावत होते. एक, दोन, तीन. एकतिसावा निघेना, तो कातडीच्या सांध्यात रुतला होता. तो काढताना फंगताईंनी श्वास रोखला होता आणि मीही. तोही निघाला. त्याचा नखाएवढा कोपरा मात्र कातडीलाच राहिला, पण त्या कोपऱ्यावर काही लिहिलेलं नव्हतं. टोपलीतले सहा तुकडे लावले आणि पाटीवर अक्षर पुन्हा उभं राहिलं. एक रेघ हललेली नव्हती. ज्यांगकाका ठसा शेजारी धरून बराच वेळ बघत राहिले. "मी लिहिलं असतं तर ओळखू आलं असतं," ते म्हणाले. एवढं त्यांनी कधी कुणासाठी कबूल केलेलं नाही. मला इतकं हलकं वाटलं की मी फंगताईंच्या डब्यातली गार भाजी मागून खाल्ली. त्यांनीही खाल्ली.

तांदळाच्या खळीनं त्यांनी ते तुकडे नव्या कागदावर चिकटवले. घड्यांच्या खुणा राहिल्या. कोपऱ्यांतले आकडेही राहिले, कारण खोडरबर फिरवलं असतं तर मऊ कागद फाटला असता. त्याची त्यांना फार लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर आले तर फंगताई कोऱ्या हातकागदावर कुंचल्यानं काहीतरी लिहीत होत्या. तिसरीतून शाळा सुटलेली बाई. तेच अक्षर होतं, जाडजूड, उजवीकडे कललेलं. मला बघून दचकल्या. "आत कोरा कागद घालवेना गं," म्हणाल्या. "त्याच्या मुठीत तो शब्द होता, तो राहायला हवा." मग त्यांनी त्याचेच चौकोन कापले, आकडे घातले आणि नव्या फितीनं मूठ बांधली. यावेळी काजळीची शाई ज्यांगकाकांकडून उगाळून घेतली होती.

खोकं गेलं. पुढचे पंधरा दिवस फंगताई शाळेत कागद आणायला गेल्या नाहीत. वखारीतून कोरा कागद आणायच्या आणि तोही दोनदा उजेडात धरून बघायच्या. रोज मला विचारायच्या, "काही आलं?" मी नाही म्हटलं की जेवण अर्धं टाकायच्या.

सोळाव्या दिवशी आलं. पुण्यतिथी आदल्या दिवशी झाली होती. सोबत एक फोटो, लाकडी भिंतीवर चौकटीत तो कागद, घड्यांसकट, आकड्यांसकट. एस्कोनं लिहिलं होतं, "एक ते चौपन्न मी सगळे मोजले. गुरुजी असते तर त्यांनी बाईंना तो शब्द म्हटला नसता. मूठही हातात अशी बसते की जणू जन्मापासूनची. तिच्या आत आता काय आहे?"

मी मागेच ठरवलं होतं की विचारलं तर सांगायचं. सांगितलं. त्यावर तासाभरानं त्याचं दुसरं पत्र आलं. त्याच्याकडे एक विद्यार्थिनी आहे, अकरा वर्षं शिकते आहे. तिच्यासाठी तलवार हवी, जरा आखूड. मूठ याच बाईंनी बांधायची, आणि आतला कागदही त्यांच्याच हातचा.

मी हे सगळं फंगताईंना वाचून दाखवलं. मालक दारात उभे होते, आलेल्या दोन पाहुण्यांना सांगत होते, "आमच्याकडे प्रत्येक पाचरीवर आकडा असतो. ही आमच्या कारखान्याची पद्धत." फंगताईंनी ते ऐकलं, पण आज टोमणा मारला नाही. त्या फोटोकडे बघत होत्या. मग त्यांनी एक मोठा श्वास सोडला, टोपली उचलली आणि शाळेकडे निघाल्या. शनिवार होता.

दारातून मागे वळून म्हणाल्या, "हो म्हणून कळव त्याला. लांबी, बाक, वजन, काय हवं ते कळवू दे, एकसष्ट पत्रं लिहू दे. फक्त यावेळी कागद पाठवू नकोस म्हणावं."