भिंतीपलीकडचं इंग्रजी

किस्से कुणी जमवत बसत नाही. भिंत पातळ असली की ते आपोआप येऊन पडतात. आमच्या कॅंटीनची अन् इंग्रजीच्या वर्गाची भिंत एकच, तीही पत्र्याची. मी आठवीतून शाळेला सलाम ठोकला. आता घरात उर्दू, गल्ल्यावर मराठी अन् पत्र्यापलीकडून इंग्रजी, अशी तिन्ही भाषांतून माझी धुलाई चालू असते. जालन्याहून वडीगोद्रीकडं येताना हायवेला लागून आमचं कॉलेज आहे. पोरं मला चाचा म्हणतात, प्राचार्य 'अहो चहावाले' म्हणतात. चहा दोघांनाही एकाच पातेल्यातला. प्राचार्यांना जरा वरवरचा.

इंग्रजीचे गायकवाड सर टेंभुर्णीचे. तासिका तत्त्वावर. म्हणजे तास असला तर सर, नसला तर घर. यंदा प्राचार्यांनी त्यांना सांगूनच टाकलं होतं: विद्यापीठाची समिती येणार आहे, बी.ए.चा इंग्रजीचा वर्ग तेव्हाही असाच रिकामा अन् मुका दिसला तर विषय बंद. सर मला हे सांगत होते, हातातलं बिस्कीट चहात धरून. बोलता बोलता बिस्कीट बुडालं.

"सर," मी म्हणालो, "समितीपुढं असं करू नका."

हसले बिचारे. पण उशिरा.

*

प्रल्हाद त्याच वर्गातला, एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात, भट्टीवर कामाला. शिफ्ट सुटली की मोटरसायकलवर कॉलेजात यायचं, असा त्याचा नियम. नियम बराबर होता, प्रल्हादच येत नव्हता.

वर्ग रिकामा दिसू नये म्हणून मी माझ्या परीनं मदत केली. सरांनी हजेरीला प्रल्हादचं नाव घेतलं की मी इकडून, भांडी घासता घासता, पत्र्यातल्या भोकाला तोंड लावून म्हणायचो, "येस सर!" सर पुढचं नाव घ्यायचे. मला वाटलं, चाललं.

एक दिवस तास संपवून सर आले, शांतपणे बसले अन् म्हणाले, "चाचा, प्रल्हादचा आवाज फार बसलाय. त्याला आल्याचा चहा पाजत जा. अन् मिशी काढायला सांगा, शोभत न्हाई."

*

आमच्याकडं इंग्रजी गाईडमधून शिकतात. गाईड म्हणजे तयार प्रश्न, तयार उत्तरं. पाठ करा अन् पेपरात उतरवा. 'माझे वडील' या निबंधात गाईडवाल्यानं वडील पोस्टमन दाखवले होते. का, ते त्यालाच ठाऊक. झालं, वर्षानुवर्षं आमच्या पोरांचे वडील पोस्टमन. ज्याचा बाप मोसंबी पिकवतो त्याचाही, जो गवंडी आहे त्याचाही, अन् ज्याला जन्मल्यापासून बाप माहीत नाही त्याचाही.

एकदा तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते. दिवसभर ऐकून दमले. संध्याकाळी माझ्याकडं चहा घेता घेता म्हणाले, "इकडं टपाल फार वेळेवर मिळत असेल, नाही?"

*

मग अभ्यासाला एक नाटक आलं. समुद्रात एक दीपगृह, तिथं एक रखवालदार अन् त्याची लहान पोरगी. वादळात पोरगी तापानं फणफणते. बाप दिवा सोडून तिला होडीत घालून डॉक्टरकडं नेतो. मागं दिवा विझतो, जहाज खडकावर आपटतं, माणसं मरतात. पोरगी जगते. प्रश्न एवढाच, की रखवालदार दोषी का?

आधी समुद्रच कुणी पाहिला नव्हता. सरांनी तो फळ्यावर काढला, हातानं लाटा करून दाखवल्या. मुस्कान म्हणून एक पोरगी आहे, टेलरची. तिनं विचारलं, "सर, एवढं पाणी, अन् त्यातलं घोटभर पिता येत न्हाई. मंग ते असून फायदा काय?"

इकडं पत्र्याआड मी कपबशी खाली ठेवली.

सरांनी फळ्यावरच्या समुद्रात एक जहाज काढलं. मग म्हणाले, "इंग्रजीबद्दल मला लोक असंच विचारतात. जहाजं चालतात ना पण त्याच्यावर."

*

दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, "रखवालदाराबद्दल तुम्हाला काय वाटतं?"

मागच्या बाकावरून अत्यंत अदबीनं प्रश्न आला, "सर, गाईडमधी काय दिलंय?"

सरांनी त्या दिवशी सगळी गाईडं गोळा केली अन् माझ्या साखरेच्या डब्याशेजारी आणून टाकली. "समिती जाईपर्यंत कुणाला देऊ नका."

असा खजिना हातात आल्यावर माझ्यासारखा माणूस गप्प बसेल का? मुस्कान पहिली आली. "चाचा, एकच पान बघू द्या ना."

म्हटलं, आधी मला नाटक सांग. तिनं सांगितलं. मी म्हणालो, "तुझा रखवालदार खुनी आहे, बेटा." ती अशी भडकली की पान राहिलं, एसटीही गेली. मग प्रल्हाद आला, रखवालदारानं जागा सोडायलाच नको होती म्हणाला. त्याला म्हटलं, मुस्कान म्हणते तू दगड आहेस. तो म्हणाला, "तिला काय कळतं भट्टीतलं." हे मी जसंच्या तसं मुस्कानला पोचवलं, वर चिमूटभर मीठ टाकून. सगळा वर्ग असा पेटवला. गाईड मात्र कुणीच मागेना.

*

समिती आली. वर्गात बसल्या त्या एक वयस्क मॅडम, हातात पेन, तोंडावर काही नाही. मी चहाचा ट्रे घेऊन दारात. सर फळ्याला टेकलेले, खडूसारखे पांढरे.

मॅडमनी इंग्रजीत विचारलं, रखवालदार दोषी का? कुणी हलेना. शेवटी प्रल्हाद उठला अन् गाईडमधलं वाक्य, जुनं पाठ असलेलं, इंग्रजीत घडाघडा म्हणून मोकळा झाला. मॅडम काही तरी लिहायला लागल्या.

मागून मुस्कान मराठीत बोलली, "हे तुझं न्हाई. तुझं सांग."

सरांनी डोळे मिटले.

प्रल्हाद तिच्याकडं वळला. म्हणाला, भट्टीवरला माणूस जागचा हलला की दुसऱ्याचा हात जातो. म्हणून हलायचं नसतं. ती म्हणाली, दुसऱ्याचा हात दिसतो, घरचं लेकरू दिसत नाही का. आणखी दोघं-तिघं उठले, एकदम बोलायला लागले. समिती कुणाच्या ध्यानातच राहिली नाही. मॅडमनी हात वर केला, तर तो बोलायची परवानगी मागण्यासाठी. त्या मराठीत म्हणाल्या, दिवा दुसऱ्या कुणाकडं सोपवता आला नसता का? "कुणाकडं, मॅडम?" प्रल्हाद त्यांच्यावरच आला. "तिथं दुसरं होतं कोण?"

मग त्याचा आवाज खाली आला. "माझी माय दवाखान्यात होती. फोन आल्ता. मी शिफ्ट सोडून न्हाई गेलो."

ट्रेमधल्या कपांवर साय धरली होती.

मुस्काननं हळूच विचारलं, "मंग तू बराबर केलं का?"

तेवढ्यात माझ्या खांद्यावरून प्राचार्य डोकावले. म्हणाले, मॅडम, जेवण तयार आहे, पोळ्या गार होतील, चला.

मॅडमनी मागं पाहिलंही नाही. पेनाला टोपण लावलं, बाकावर ठेवलं अन् म्हणाल्या, "थांबा, सर. त्याचं उत्तर यायचंय."