पऱ्हाटीवरची बिनतोंडी माशी

फूल खुडलं की पार्बताबाई ते आधी डाव्या मनगटावर दोनदा हलकंच आपटायची आणि मगच टोपलीत टाकायची. झेंडू असो, शेवंती असो, रोज, एकूण एक फूल. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात सासूने तिला हे शिकवलं होतं. देवाच्या डोक्यावर जिवंत काही जाता कामा नये. फुलातून कधी मुंगी पडायची, कधी अळी. पडलेल्यावर पाय पडू नये म्हणून ती जराशी सरकायची आणि पुढचं फूल धरायची. टोपली भरेपर्यंत ऊन पाठीवर आलेलं असे, आणि दिवस सुरू व्हायच्या आधीच ती दमलेली असे.

अकोल्यात मोर्णा नदीच्या काठाला तिचा अर्ध्या एकराचा तुकडा होता. नवरा रामराव गेल्यापासून अकरा वर्षं तो तिने एकटीने पिकवला होता. पण आता दिवस वेगळे आले होते. अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडातल्या माणसाला पऱ्हाटीशिवाय, म्हणजे कपाशीशिवाय, दुसरं काही दिसेनासं झालं. लोकांनी वांगी उपटली, ज्वारी मोडली, आंब्याखालची सावलीसुद्धा नांगरली. वेचणी झाली की वाळलेल्या पऱ्हाट्या चुलीत जात आणि उरलेल्या कुंपणाला. पार्बताबाईच्या झेंडूभोवतीही तसंच पऱ्हाट्यांचं कुंपण होतं.

तिचा धाकटा दीर पंजाबराव रोज त्या कुंपणाशी येऊन उभा राही.

"वैनी, सारं गाव पऱ्हाटी लावून राह्यलं. तुमी काहून अडून बसल्या?"

"देवाले फुलं लागतेत, भाऊजी."

"देव का एकट्या तुमच्याच भरोशावर हाये?"

जमीन घराण्याची होती, कागद पंजाबरावाकडे होते. तो काही वाईट माणूस नव्हता. अवघ्या गावाला आलेला ताप त्यालाही आला होता. पुढच्या पेरणीला हा तुकडा जाणार हे पार्बताबाई मनातून धरून चालली होती.

१८६४चा दसरा झाला आणि रेल्वेच्या कामावरचा एक गोरा साहेब मोर्णेकाठच्या बंगल्यात राहायला आला. त्याचे लेखनिक केशवराव पुण्याकडचे, बारीक आवाजाचे, वऱ्हाडच्या उन्हाला विटलेले. ते फुलं घ्यायला आले तेव्हा मागोमाग साहेबही आला आणि फुलं सोडून कुंपणापाशी गुडघे टेकून बसला. वाळल्या पऱ्हाटीवर एक माशी बसली होती. ज्वारीच्या दाण्याएवढी, पाठीला कुबड, पोट फुगलेलं, आणि डोकं मोहरीएवढं. त्या डोक्यातही सगळे डोळेच.

"हिला तोंड नाही," केशवरावांनी साहेबाचं बोलणं मराठीत आणलं. "ही जन्मभर काही खात नाही."

"बरं हाये मंग," पार्बताबाई म्हणाली. "सयपाक नाई, भांडे नाई."

साहेबाला या छोट्या डोक्याच्या माश्यांचं वेडच होतं. संध्याकाळी पार्बताबाई बांधावरची भाजी बंगल्यावर द्यायला गेली की केशवराव लिहून लिहून अवघडलेली बोटं चोळत बसलेले असत आणि कंटाळा घालवायला तिला सांगत. एका फ्रेंच पंडिताने म्हणे यांचं पोट पाहून यांची फुगीर अशी वेगळी जातच काढली. पंचवीस वर्षांमागे एका जर्मनाने यांच्यावर लांबलचक लिहिलं आणि तोंडावरून वाटण्या केल्या. काहींना अंगापेक्षा लांब सोंड असते, ती फुलात घालून मध पितात. काहींना काहीच नसतं.

"त्या लोकाईनं जित्ती माशी पाह्यली काय?"

"फार थोड्यांनी. बाकीच्यांना ती टाचणीवरच भेटली."

"मंग थे राहते कशी, हे त्याइले कसं समजलं?"

"समजलं नाही, म्हणून तर बाई, डोकं मोजत बसतात."

साहेबाने पंजाबरावाला बोलावून सांगितलं, माझं माशीचं काम संपेपर्यंत या तुकड्याला हात लावायचा नाही. पंजाबरावाच्या बैलगाड्या रेल्वेच्या मातीकामावर होत्या. तो मान हलवून आला आणि घरी बायकोजवळ, शकुनजवळ, चिडला. "माशीपायी वावर सोडून राह्यलो मी. गाव हासून राह्यलं मले."

पार्बताबाई रोज एका द्रोणात माश्या नेऊन देऊ लागली. फुलांवर, कुंपणाच्या बुडाशी पडलेल्या. साहेब स्वतः जाळी घेऊन कुंपणावर घिरट्या घालणाऱ्या पकडायचा. त्याच्या माश्या बारीक पोटाच्या आणि काळसर, तिच्या जाड पोटाच्या आणि फिकट. बंगल्यावर दोन डबे झाले. दोन्ही जाती नव्या, साहेब म्हणाला. दोन मिळाल्या तर तिसरीही असेल. पुढच्या दिवाळीपर्यंत इथेच शोधू.

पार्बताबाईने त्यातलं एवढंच ऐकलं की पुढच्या दिवाळीपर्यंत तुकडा राहील.

आणि मार्गशीर्षात एका सकाळी तिने पऱ्हाटीवर ते जोडपं पाहिलं. एक काळसर, बारीक. एक फिकट, जाड. शेपटीला शेपटी लावून बसलेलं. ती टोपली खाली ठेवून पाहत राहिली. दुसऱ्या दिवशी जाड माशी एकटीच त्या काडीवर काजळासारखे बारीक ठिपके टाकत होती, शेकड्यांनी. अंडी. तिसऱ्या दिवशी ती काडीखाली मरून पडली होती. पार्बताबाईने तिला उचलून द्रोणात ठेवलं.

तिला सगळं कळलं. नवरा-बायकोला साहेबाने दोन डबे दिले होते आणि त्या चुकीवर तिचा झेंडू उभा होता.

आठ दिवस तिने हे कुणाला सांगितलं नाही. शकुनने विचारलं, "बरं नाई काय वं बाई?" तर म्हणाली, "कंबर." रात्रीची भाकर ती अर्धी टाकून उठायची. मुंबईला पाठवायचा कागद तयार झाला तेव्हा साहेबाने तिला बोलावलं. केशवरावांनी तो सावकाश वाचून, समजावून सांगितला. पहिली जात अशी, दुसरी जात तशी. या छापल्या जाणार, मग जगभरचे पंडित यांना याच नावांनी ओळखणार.

"साहेब विचारतायत, तुम्हाला काही सांगायचंय का?"

न सांगताही चाललं असतं. पण आठ दिवसांनी ती फार थकली होती.

"दोन नाई त्या," ती म्हणाली. "नवरा-बायको हायेत."

केशवरावांनी ते इंग्रजीत केलं. साहेबाने दोन्ही डबे उघडले. भिंग लावून तो इतका वेळ पाहत राहिला की कागद न्यायला बाहेर उभी असलेली टपालाची गाडी माघारी गेली. मग त्याने विचारलं, तुझ्या सगळ्या माद्याच कशा?

"मी मेलेल्याच आनतो, साहेब. जित्त्या कशा देईन तुमच्या टाचनीले? अंडे टाकून मरते थे मादीच पडते ना खाली. नर मरते कुठं जाऊन, मले नाई माईत."

साहेब तिच्याकडे पाहून थोडासा हसला. त्याने कागदावर एक आडवी रेघ मारली. अडीच महिन्यांचं लिखाण अर्धं झालं. जात एकच, आणि तिसरी असेल ही आशाही गेली. महिनाभरात तो रेल्वेच्या पुढच्या कामावर चांदूरला निघाला. जाताना पंजाबरावाला म्हणाला, माझं काम झालं, आता जमीन तुझी.

केशवराव मागे राहून डबे बांधत होते. पार्बताबाई शेवटची भाजी द्यायला गेली तेव्हा सुतळीचं टोक धरून त्यांना मदत करायला बसली. कोपऱ्यात एक कोळी जाळं सोडून चालला होता.

"याच्याच पोटात वाढते थे," ती सहज म्हणाली.

"काय?"

"माशी. अंड्यातून निघालेली बारीक अळी कोळ्याच्या आंगात शिरते. आतून त्याले खाऊन मोठी झाली का बाहेर येते. कोळी मरून जाते."

केशवरावांच्या हातातली सुतळी सुटली. "बाई, हे तुम्ही साहेबांना का नाही सांगितलं? हिची अळी कुठे वाढते हे त्यांना कुठल्याच पुस्तकात सापडलं नव्हतं. यासाठी ते इथे दोन वर्षं राहिले असते!"

पार्बताबाईने सुटलेली सुतळी उचलली. "इचारलं कोनं मले? मले वाटलं, येवढं त साऱ्याइले माईत असंन. कुंपनावर त दिसते."

केशवरावांनी त्याच दिवशी चांदूरला पत्र टाकलं. उत्तर आलं ते पुलाच्या दगडांबद्दल होतं. खाली एक ओळ होती, की माश्यांना आता सवड नाही.

चैत्रात पंजाबरावाने तुकडा नांगरला. पार्बताबाई त्या दिवशी घरातच बसून तूर निवडत होती. जून लागायच्या आत बातमी आली की अमेरिकेतली लढाई संपली. तरी पऱ्हाटी पेरली गेली, कारण बियाणं घेऊन झालं होतं. दिवाळीनंतर बोंडं फुटली तोवर कापसाचा भाव बसला होता. कमरेला ओटी बांधून पार्बताबाईने आपल्याच तुकड्यातला कापूस वेचला, त्या साली, पुढच्या साली आणि त्याच्याही पुढच्या साली. फुलाचं नाव तिने काढलं नाही. पंजाबरावच कधी कधी बांधावर थांबून तुकड्याकडे पाहायचा आणि निघून जायचा.

तिसऱ्या हिवाळ्यात तिला ताप धरला. सहाव्या दिवशी पंजाबराव फडक्यात झेंडूचं बी बांधून घेऊन आला आणि तिच्या उशाशी ठेवत म्हणाला, "वैनी, बऱ्या व्हा. पुढल्या साली थो तुकडा तुमचा. फुलंच लावा."

तिने मान वळवून फडक्याकडे पाहिलं. डोळे मिटले. पंजाबराव उठून बाहेर गेला, शकुन पाण्याचा तांब्या घेऊन आत आली, तेव्हा तिने पुन्हा उघडले.

"थे तिथं नको ठेवू वं शकुन," ती म्हणाली, "उंदरं खातीन. शिक्यात ठेव."