सखीने मंजूर केलेला राजीनामा

हरेशच्या निरोपाचा केक आला, पण हरेश आला नव्हता. त्याने नोकरी सोडली, हे मला केकवरूनच कळलं. मी त्या वेअरहाऊसची एचआर मॅनेजर!

पनवेलबाहेरच्या आमच्या वेअरहाऊसमध्ये हरेश रीच ट्रक चालवायचा. म्हणजे उंच रॅकवरचा माल खाली काढणारी गाडी. त्याच्या जोडीचा ऑपरेटर आजारी होता आणि दुपारी औषधांचा कंटेनर भरायचा होता. आमचे साइट हेड देशपांडे सर दारातूनच ओरडले, "मॅडम, हरेशने रिझाइन केलं आणि तुम्ही ॲक्सेप्ट पण केलं?"

"मी नाही सर. सखीने."

सखी म्हणजे आमचा नवा चॅटबॉट. कामगाराने मोबाइलवर बोलून रजा मागायची, पुढचं सगळं सखी बघणार. ती आल्यापासून माझ्या केबिनबाहेरची गर्दी संपली होती. मी खूश होते.

मी आदल्या संध्याकाळचं रेकॉर्डिंग लावलं. मागे बँजो दणाणत होता. "मॅडम, आमी आता येत नाय..." एवढंच स्पष्ट. पुढचं बँजोने गिळलं.

सखीने गोड आवाजात विचारलं होतं, "तुमचा निर्णय पक्का आहे का?"

"पक्का म्हंजे? पत्रिका वाटून झाल्यात!"

"कंपनीतला तुमचा अनुभव कसा होता?"

"येकदम भारी!"

झालं. सखीने एक्झिट प्रोसेस उरकली. गेटपास बंद, निरोपाच्या शुभेच्छांचा मेसेज, केक, आणि वर जागा रिकामी असल्याची जाहिरात. दोन उमेदवार रिसेप्शनवर येऊन बसलेही होते.

हरेश फोन उचलेना. मी गाडी काढली आणि उरणजवळचं त्याचं गाव गाठलं. बहिणीची हळद होती. हरेश नखशिखांत पिवळा होऊन मांडवात नाचत होता.

"मॅडम! या, या! जेवूनच जायचं."

"हरेश, तू नोकरी सोडलीस?"

"आमी? नाय वो! दोन दिवस सुट्टी मागली. ती बाई लय चांगली बोलली. कसं वाटतं कामावर, असं आजवर कोनी इचारलं नव्हतं."

मी घाईने विषय बदलला.

"आणि तो शुभेच्छांचा मेसेज?"

"तो लग्नाचा नाय? आमी आईला पन वाचून दाखवला."

मी खरं काय ते सांगितलं. हरेशने आईला हाक मारली. त्याची आई माझ्यासमोर उभी राहिली. "पोरीच्या हळदीला पोराची नोकरी घ्यायला आलाव?"

मी सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावला. ते म्हणाले, "एक्झिट रद्द होत नाही मॅडम. नवीन उमेदवार म्हणून इंटरव्ह्यू घ्यावा लागेल."

मी मांडवातच मोबाइल उघडला.

"अनुभव?"

"आठ वर्सं. तुमच्याकडंच."

"कधी जॉइन होऊ शकता?"

"परवा. लगीन लागलं की."

मी सिलेक्टेड दाबलं. आईने माझ्या दोन्ही गालांना हळद फासली आणि जेवायला बसवलं. इकडे रिसेप्शनवरच्या एका उमेदवाराकडे रीच ट्रकचं लायसन्स निघालं. सरांनी चाचणी घेऊन हरेश येईपर्यंत त्यालाच गाडीवर बसवलं. कंटेनर थोडा उशिरा का होईना, गेला.

आता सखी फक्त रजा देते. राजीनामा आला तर तो माझ्याकडे येतो. शिवाय, काम कसं वाटतं हे माणूस सोडून जाताना विचारण्यात अर्थ नाही, एवढं मला कळलं. म्हणून मी स्वतः फ्लोअरवर जाऊन ऑपरेटरांना विचारायला सुरुवात केली.

पहिल्याच ऑपरेटरने गाडी बंद केली, खाली उतरला आणि घाबरून म्हणाला, "मॅडम, मला काढताय का?"